लगन लावलं कोणी?

चैत्र संपत आला की आमच्या सावली गावात दोनच कामं उरतात. चिंच फोडायची आणि लग्नांना जायचं. काकू त्या दिवशी पहिलं काम करत होत्या आणि दुसऱ्यानं हैराण झाल्या होत्या. आमच्या दोन घरांमध्ये बांबूच्या कामट्यांचं कुंपण आहे. त्यातल्या चार कामट्या कधीच्याच मोडल्यात, आणि त्या दुरुस्त करायच्या नाहीत असा दोन्ही घरांचा न बोलता झालेला करार आहे. वाटीभर साखर, पाहुण्यांसाठी खुर्च्या आणि गावच्या झाडून साऱ्या बातम्या त्याच भोकातून ये-जा करतात.

"बाई, आयकलं का वो?"

हा आवाज आला की मी गॅस बारीक करते. लांबणार हे माहीत असतं.

"आमच्या नातीच्या लगनाले भटजी नाई भेटून रायला. मूल गावच्या भटजीनं त्या दिवशी तीन लगनं घेऊन ठेवले हायेत. म्हन्ते, दुपारी दोनले येतो. दोनले का मुहूर्त अस्ते? अन नात काय म्हन्ते माहीत हाये का? म्हन्ते, आजी, भटजी कायले पायजे? पुन्याची मावशी लावन माहं लगन!"

काकूंनी चिंचोका असा फेकला की आमचं मांजर उठून गेलं.

पुण्याची मावशी मला ठाऊक आहे. नोकरीतून निवृत्त झाल्यावर पौरोहित्य शिकली. पुण्यात हे काही नवं नाही. तिथल्या उद्यान प्रसाद कार्यालयात थत्तेमामांनी बायकांना मंत्र शिकवायला सुरुवात केली त्याला चाळीस वर्षांच्या वर झाली, आणि ज्ञानप्रबोधिनीतूनही शिकलेल्या बायका तिकडे सर्रास लग्नं लावतात. पण पुणं पुण्यात. इकडे वैनगंगेच्या काठावर नवरीच्या मावशीनं अंतरपाट धरायचा सोडून मंगलाष्टकं म्हणायची, म्हणजे मूलच्या व्याह्यांना पुढची दहा वर्षं पुरेल एवढा विषय.

"व्याही काय म्हन्तीन ते म्हन्तीन," काकू आवाज खाली आणून म्हणाल्या. खाली आणला म्हणजे चार घरांऐवजी दोन घरांना ऐकू जाईल इतका. "मले भेव वेगरंच हाये. बाईनं लावलेलं लगन सरकारात चालते का? उद्या पोरीले कोनी म्हनलं, तुहं लगनच नाई झालं, तं?"

आता हा प्रश्न मला विचारलेला नव्हता. ओसरीवर पेपराच्या मागे बसलेल्या आमच्या ह्यांना विचारलेला होता. हे तालुक्यातल्या खेड्यांतून ग्रामसेवक होते. 1998 चा विवाह नोंदणीचा कायदा आला आणि खेड्यात ग्रामसेवकच लग्नांचा निबंधक झाला, तेव्हापासून निवृत्तीपर्यंत ह्यांनी नमुना 'ड' वर किती सह्या केल्या ते त्यांचं त्यांनाच माहीत नाही. स्वतःच्या लग्नाची नोंदणी करायची मात्र आमची राहूनच गेलेली. ते असो.

पेपर खाली आला. "चालते ना काकू. कायद्यात भटजी नाहीच."

"नाहीच म्हंजे?"

"म्हणजे शब्दच नाही. 1955 चा हिंदू विवाह कायदा काढून पाहा. सातवं कलम. नवऱ्या मुलाच्या नाहीतर मुलीच्या घरची जी रीत असेल, त्या रीतीनं लग्न व्हावं. त्या रीतीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पक्कं. कोणी लावावं, बाईनं की बुवानं, त्याच्या डोक्यावर शेंडी पाहिजे की नको, अक्षरसुद्धा नाही. सरकार भटजीला लायसन देत नाही."

काकू थांबल्या. सत्तर वर्षं जगून बाई आज पहिल्यांदा ऐकत होती की ज्याच्यासाठी मुहूर्त हलवले, ज्याला धोतर, पंचा, दक्षिणा देऊन वर चहाला 'साखर कमी' विचारलं, त्याचं कायद्यात नावच नाही.

"तुमच्या बैठकीत फोटो आहे ना जोतिबांचा?" हे म्हणाले. काकूंचं घर माळ्याचं, तो फोटो दरसाल 11 एप्रिलला पुसला जातो. "त्यांनीच तर दाखवून दिलं. 1873 साली सप्टेंबरात सत्यशोधक समाज निघाला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पहिलं लग्न लागलं भटजीशिवाय. खटपट सावित्रीबाईंनी केली. नवरानवरीनंच एकमेकांना शब्द दिले. पुढे जुन्नरकडे ओतूरला पाटलानं तसंच केलं, तर गावजोशी कोर्टात. म्हणे, आम्हाला बोलवा न बोलवा, दक्षिणा आमच्या वतनाची आहे. मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेलं ते भांडण. तिथं जोश्याचं काही चाललं नाही."

"न बोलावता दक्षिना!" काकूंना ते भारीच आवडलं. आमच्या गल्लीत न बोलावता जेवायला येणारे दोघे आहेत. दक्षिणा कोणी मागितल्याचं अजून ऐकिवात नाही.

मग मीही थोडं पुढे सरकले. काकूंचा जीव 'बाई'वर अडकलाय, 'भटजी नाही' ह्यावर नाही, हे मला दिसत होतं. म्हटलं, "काकू, मागच्या गल्लीत गेल्या वर्षी लग्न झालं, तिथं कुठं भटजी होता?"

"त्याईचं वेगरं. त्याईचा तो बौद्धाचार्य अस्ते. पांढरे कपडे घालून येते. त्रिसरन, पंचसील म्हन्लं की झालं. अर्ध्या तासात लगन अन नंतर जेवन. जेवन चांगलं होतं."

चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर 16 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी दीक्षा दिली, तेव्हा आमच्या तालुक्यातून माणसं बैलबंड्या जुंपून गेली होती असं म्हातारे सांगतात. त्यानंतर दोन महिनेही ते राहिले नाहीत. पण जाण्याच्या दोनच दिवस आधी एका पत्रात त्यांनी लिहून ठेवलं की बौद्ध लग्नात होम नको, सप्तपदी नको. पाटावर कोरं मडकं काठोकाठ पाणी भरून ठेवा, त्यात सुताचा धागा सोडा, एकेक टोक दोघांनी धरा, कोणीतरी मंगलसुत्त म्हणा. 'कोणीतरी' हा शब्द मला फार मोठा वाटतो. घटना लिहिणाऱ्या माणसानं लग्न लावणाऱ्याची एवढीच पात्रता ठेवली.

"आणि तो तुमचा दोस्त, आश्रमशाळेतला?" मी ह्यांना आठवण दिली.

"तो गोंड. त्याचं लग्न भुमकानं, म्हणजे त्यांच्या पुजाऱ्यानं लावलं. त्याला तर हिंदू विवाह कायदाच लागू नाही. दुसऱ्या कलमात लिहिलंय, अनुसूचित जमातींना केंद्र सरकार वेगळं जाहीर करीपर्यंत लागू नाही. त्यांची रीत हाच त्यांचा कायदा." हे हसले. "नमुना 'ड' मध्ये एक रकाना आहे पुरोहिताच्या नावाचा आणि सहीचा. माझ्याकडे त्या रकान्यात भटजी आले, भंतेजी आले, काझी आले, गुरुदेव सेवा मंडळाचे भजनी बुवा आले, आणि एका भुमकाचा अंगठा आला. सगळे त्याच एका चौकोनात."

मला हा चौकोन आवडतो. आपल्याकडे इतक्या निरनिराळ्या माणसांना एका चौकोनात बसवणारी दुसरी जागा म्हणजे सावली ते गडचिरोली एसटी.

गडचिरोलीवरून आठवलं. नदीपलीकडे आदिवासी जोडप्यांचे सामूहिक विवाह होतात, त्यातल्या एकाला मी शाळेतर्फे गेले होते. मांडवात कित्येक नवऱ्यांच्या कडेवर लेकरं. आधी मला हसू आलं, मग कळलं. गावाला जेवण घालायची ऐपत नाही म्हणून लग्नविधी लांबलेला, संसार मात्र सुरू. एका नवरीचा मुलगा सहावीत होता, तोच आईच्या डोक्यावर अक्षता टाकत होता. तिथं कोणी कोणाचं लग्न लावलं म्हणायचं?

एवढ्यात काकूंना अमेरिका आठवली. त्यांना अमेरिका आठवते ती माझ्या मावसबहिणीच्या मुलामुळे, आणि त्याच्या लग्नाचा व्हिडिओ मी कुंपणावरूनच दाखवला होता म्हणून.

"तो तुमचा भाचा. त्याचं लगन तं एका चड्डीवाल्यानं लावलं."

चड्डीवाला नव्हे, त्याचा ऑफिसातला मित्र. ठिकाण कॅलिफोर्निया. गुडघ्यापर्यंतची पॅन्ट घालून, हातात मोबाइल धरून त्यानं ते वाचलं. तिकडे उलटं आहे. लग्न कुठल्या रीतीनं लावता याचं सरकारला काही पडलेलं नाही, सात पावलं टाका नाहीतर सात गाणी म्हणा. पण लावणारा माणूस मात्र अधिकाराचा हवा. पाद्री, न्यायाधीश, असा कोणी. आणि तसा नसेल तर? तर करून घ्यायचा. तिथल्या बऱ्याच काउंट्या फी घेऊन कुणालाही एका दिवसापुरतं लग्न लावायचं अधिकारपत्र देतात. त्याच राज्यात मोडेस्टो गावी एक चर्च आहे, युनिव्हर्सल लाइफ चर्च, ते इंटरनेटवर नाव टाकलं की फुकटात पाद्री करून देतं. आणि कोलोराडोत तर नवरानवरी स्वतःच स्वतःचं लग्न लावू शकतात, सहीला दुसरं कोणी लागत नाही.

"एका दिवसाचा भटजी!" काकूंनी तोंडाला पदर लावला. "अन दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी पुन्हा इंजिनेर."

"आपले भटजी बरे मंग. जल्मभर पुरते."

आपल्याकडे असा अधिकाराचा माणूस लागतच नाही असंही नाही, हे ह्यांनी मध्येच घातलं. ख्रिस्ती लग्नाला लागतो. 1872 चा कायदा आहे, इंग्रजांचा. पाद्री, परवानाधारक मिनिस्टर, नाहीतर सरकारनं नेमलेला मॅरेज रजिस्ट्रार. अधिकार नसताना कोणी ख्रिस्ती लग्न लावलं तर दहा वर्षांपर्यंत कैद. आणि वेळसुद्धा ठरलेली, एरवी सकाळी सहा ते संध्याकाळी सात.

"सात?" काकू म्हणाल्या. "आपल्या इकडे तं सातले नवरदेव घोड्यावर बसते. डीजेवाला नऊले येते. सगरेच जेलात जातीन."

दुसरा अधिकाराचा माणूस कोर्ट मॅरेजवाला. म्हणायला कोर्ट, पण त्यात कोर्ट कुठंच नाही. 1954 च्या विशेष विवाह कायद्याचा विवाह अधिकारी, जिल्ह्याच्या गावी. तीस दिवस आधी नोटीस द्यायची, ती भिंतीवर लागते, मग तीन साक्षीदार आणि त्या साहेबासमोर दोघांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं म्हणायचं, ज्याला जी भाषा येते त्या भाषेत. आमच्या झाडीबोलीतही चालतं. पण त्या तीस दिवसांत ती नोटीस कोणकोण वाचतं आणि कुणाच्या काकाला फोन करतं, हा वेगळा विषय आहे, आणि त्यावर काकू माझ्यापेक्षा जास्त बोलू शकतात, कारण मागे अशी एक नोटीस त्यांनीच वाचली होती.

"मंग असं करू ना," काकू म्हणाल्या, "हार घालू, फोटो काढू, पंचायतीत जाऊन कागद घेऊ. मावशी बी नको अन भटजी बी नको."

इथं हे उठून कुंपणापाशी आले. उठले म्हणजे विषय गंभीर.

"तसं चुकूनही करू नका. ते तामिळनाडूत चालतं. अण्णादुराईंच्या सरकारनं 1967 मध्ये कायद्यात 7-अ कलम घातलं. चार नातेवाइकांसमोर हार घातला, अंगठी घातली, नाहीतर ताली, म्हणजे तिकडचं मंगळसूत्र, बांधलं की लग्न झालं. पण ते कलम त्यांच्यापुरतं. आपल्याकडे रीत झाली पाहिजे. 2024 च्या एप्रिलात सुप्रीम कोर्टानं सांगितलं. एक जोडपं, दोघंही विमान चालवणारे, पायलट. कुठल्याशा संस्थेचा दाखला घेतला, त्यावर सरकारी नोंदणी केली, विधी काहीच नाही, तो पुढे करू म्हणाले. मग बिनसलं. कोर्ट म्हणालं, विधी झालेला नाही तर हिंदू लग्न झालेलंच नाही. नोंदणी हा लग्नाचा पुरावा, पण आधी लग्न तर हवं. नाच-गाणं अन जेवणावळ म्हणजे लग्न नव्हे, असंही सुनावलं."

"पायलट असून?" काकूंना आश्चर्य विधी न केल्याचं नव्हतं. विमान चालवणाऱ्यालाही असं फसता येतं, याचं होतं.

"अन त्याच्या उलटी गोष्ट ऐका, ती आपल्या महाराष्ट्रातली. 1965 चा लोखंडे खटला. पहिली बायको जिवंत असताना माणसानं दुसरी केली. पहिलीनं फिर्याद केली. खालच्या कोर्टानं शिक्षा दिली, हायकोर्टानं ती उचलून धरली. तो गेला सुप्रीम कोर्टात. तिथं निघालं की दुसऱ्या लग्नात होम नाही, सप्तपदी नाही. गांधर्व म्हणाले, पण तशी त्यांच्यात चाल आहे हे काही शाबीत झालं नाही. मग कोर्ट म्हणालं, रीतीप्रमाणे लग्नच लागलं नाही, तर दोन बायका केल्याचा गुन्हा कसा? सुटला."

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. चिंच तशीच हातात.

"म्हंजे," त्या सावकाश म्हणाल्या, "लगन नीट लावलं अस्तं तं जेलात गेला अस्ता. अर्धवट लावलं म्हनून सुटला. अन त्या दोघी?"

ह्यांच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. एक सांगते, आमच्या ह्यांनी इतकी वर्षं कायदा वाचला, पण त्यातली खोच अशी चिंचोक्यासारखी वेगळी काढून दाखवायला काकूच लागल्या.

मला त्यावरून आमच्या तालुक्यातली ती बाई आठवली. नाव नको. मोह वेचायला गेलेला नवरा वाघानं नेला. आमच्याकडे हे दरवर्षी कुणाच्या तरी घरी होतं, म्हणून तुम्हाला सांगतानाही माझा आवाज बदलत नाही, याचीच मला लाज वाटते. तिचं लग्न भर मांडवात, पाचशे माणसांसमोर झालेलं. भटजी, वाजंत्री, सगळं. पण मदतीचे कागद करताना 'पत्नी' असल्याचा दाखला मागितला, आणि नोंदणी नव्हती. लग्न लावलेला भटजी वारला होता. शेवटी लग्नातला एक फोटो सापडला. त्यात नवरा-नवरी कमी आणि आचारी जास्त दिसत होता. त्या आचाऱ्यानं येऊन साक्ष दिली. म्हणाला, मीच भात केला होता, हिचंच लग्न होतं.

"म्हणून विधीही करा आणि कागदही करा," हे म्हणाले. "मावशीलाच पुरोहिताच्या रकान्यात सही करू द्या. तीन साक्षीदार, दोघांचे वयाचे दाखले, फोटो. सावलीत आता नगरपंचायत आहे, तिथं द्यायचं."

"अन मावशीले काई होनार नाई?"

"आपल्या लग्नात लावणाऱ्याला कायदा धरतो तो मुख्यतः एका बाबतीत. पोरगी अठराच्या आत असली नाहीतर पोरगा एकविसाच्या आत. 2006 चा कायदा. मग लग्न लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी अन लाखापर्यंत दंड. लावणारी बाई असली तरी सूट नाही."

ही तरतूद आमच्या घरात तोंडपाठ आहे, कारण ग्रामसेवक हाच गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. म्हणजे एका हातानं लग्नाची नोंद करायची आणि दुसऱ्या हातानं लग्न मोडायचं. एकदा अंगणवाडीच्या ताईनं निरोप दिला, मुलगी सतरा वर्षांची आहे. हे मोटारसायकल काढून पोचले तर मांडवात हळद चाललेली, वाजंत्री वाद्यं तापवताहेत, आणि भटजी गायब. ग्रामसेवक आला म्हटल्याबरोबर मागच्या वाडीतून शेतात. पिशवी विसरून गेला. त्यात पंचांग, सुपाऱ्या आणि एक विड्यांचं बंडल निघालं. मुलीनं पुढल्या साली बारावी केली. ते पंचांग मात्र पाच वर्षं आमच्याकडे पडून होतं, न्यायला कोणी आलंच नाही.

"तं मंग भटजी कायद्यात हाये," काकू म्हणाल्या. "पराले लागते तेव्हा हाये."

ह्यांना हसू आवरेना. काकू मात्र हसत नव्हत्या, त्यांच्या मनात दुसरंच काही घोळत होतं. त्यांनी मागे वळून पाहिलं. ओट्यावर काका बिडी विझवून बसले होते. काका ऐकत नाहीत असं सगळ्यांना वाटतं. हा गैरसमज त्यांनी पन्नास वर्षं जपलाय.

"भाऊ," काकू ह्यांना म्हणाल्या, "आमच्या लगनाच्या दिवशी अवकारी पानी आलं होतं. भटजीची बंडी नाल्यात फसली. मामा म्हन्ले, मुहूर्त चालला, मीच लावतो. त्याईनं मंगलाष्टक म्हन्लं, अर्धं इसरले, अन आमाले अग्नीभवती चालवलं. मंग ते लगन...?"

"झालं की. मामा चालतो. तुमच्यात सप्तपदीची चाल असेल तर सात पावलं पडली म्हणजे झालं."

"हाये ना चाल. पडले अस्तीन सात." काकू बोटं मोजू लागल्या. "पावसाची सर आली, मांडव गरत होता... पन मोजले कोनं?"

"पाच," ओट्यावरून काका म्हणाले.

आम्ही तिघंही वळलो.

"पाचच झाले होते. मंग पान्यानं अग्नी इझला. मामा म्हन्ले, आता जेवून घ्या."

काकूंचा चेहरा मी आयुष्यभर विसरणार नाही. चार लेकरं, सात नातवंडं आणि हे आज सांगतोय हा माणूस. त्यांनी चिंचेची टोपली खाली ठेवली, पदर खोचला.

"उठा," त्या काकांना म्हणाल्या. "उठा पहिले. माचिस कुठं हाये?"